भैरवी झाली की फक्त चहा

येत्या गुरुवारी आप्पांच्या घशाचं ऑपरेशन आहे. म्हणून असेल, पण आमच्या मंडळाचे सगळे किस्से एकदम आठवायला लागलेत. मंडळ म्हणजे आचोळ्यातल्या आमच्या सोसायटीचा हॉल, गाणारे आप्पा, तबल्यावर वालीवला वर्कशॉप असलेला दिलीप, पेटीवर वसई गावातला पास्कल आणि तानपुऱ्यावर मी. काम एकच, गेलेल्या गवयांच्या जयंत्या-पुण्यतिथ्या करायच्या.

*

काकू म्हणजे आप्पांच्या पत्नी. त्यांच्या साठीच्या दिवशीच आप्पांनी कुण्या खाँसाहेबांची जयंती ठेवली. काकूंनी गुपचूप सगळ्यांना शिरा वाटला.

"वा, खाँसाहेबांचा प्रसाद?" आप्पांनी विचारलं.

"माझा," काकू म्हणाल्या. "मी गेले की माझीही तारीख पाठ होईल तुम्हाला."

*

आप्पांच्या गुरुजींची पुण्यतिथी आप्पांना तिथीने हवी, दिलीपला तारखेने. "तिथी सांगितली की लोक विचारतात, म्हणजे कधी?" हे त्याचं म्हणणं. भांडण मिटेना, म्हणून आम्ही दोन्ही करतो. जिवंतपणी गुरुजींना वर्षाला एक कार्यक्रम मिळायची मारामार होती. आता दोन नक्की.

*

एका पुण्यतिथीला पास्कलने चर्चमध्ये गुरुजींसाठी प्रार्थना सांगितली, आम्ही सगळे मिस्साला गेलो. कॉयरमधल्या एका मुलीचा सूर असा काही लागला की पहिल्या बाकावरून आप्पांच्या तोंडून "क्या बात है!" निघून गेलं. अख्खं चर्च वळून बघायला लागलं. पास्कलने मान खाली घातली ती वर काढलीच नाही.

बाहेर पडताना फादर आप्पांना म्हणाले, "पुढच्या रविवारी पण या. इथे कुणी दाद देत नाही."

*

भैरवी म्हणजे मैफल संपली, त्यानंतर गाणं नाही. गुरुजींचा हा नियम आप्पा जिवापाड पाळतात. एकदा प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले आणि हार हातात घेऊनच म्हणाले, "एखादं होऊन जाऊ दे."

"भैरवी झाली," आप्पा म्हणाले. "आता फक्त चहा."

पुढच्या वर्षी आम्ही पोचलो तेव्हा पाहुणे खुर्च्या लावत होते.

*

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर आवाज राहील की नाही, सांगता येत नाही. आप्पा एवढंच बोलले, "पुढच्या वर्षी गुरुजींची शताब्दी होती हो."

गुरुजींचं जन्मसाल शाळेच्या दाखल्यावर एक आणि रेशनकार्डावर त्याच्या आदल्या वर्षाचं. रेशनकार्डाला आप्पांनी आजवर कधी विचारलं नव्हतं. दिलीप हळूच म्हणाला, "रेशनकार्डाप्रमाणे यंदाच शंभर भरतात, आप्पा."

आप्पांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग म्हणाले, "रविवारी करू."

काल रविवारी केली. हॉल गच्च भरला होता. कधी नव्हे त्या काकू पुढे बसल्या होत्या. आप्पा दोन तास गायले, आणि काय गायले! मला सारखं रडू येत होतं, तशीच तारा छेडत होते. मग भैरवीची वेळ झाली. दिलीपने तबला पुन्हा लावून घेतला, लोक सावरून बसले. हा आवाज कदाचित शेवटचा, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

आप्पांनी गुरुजींच्या फोटोला नमस्कार केला आणि ते उठले.

लोक जागचे हलेनात. शेवटी काहीतरी करायचं म्हणून दिलीप स्टुलावर चढला आणि शताब्दीचा बॅनर सोडवायला लागला.

"राहू दे रे तो," आप्पा म्हणाले. "भैरवी कुठे झालीय अजून?"