बापालाच बोलवा!

काकतीच्या आमच्या शाळेत राजमती बाईंचा एक हट्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पोरानं खोडी केली की त्या आईला नाही, बापालाच बोलावतात. "पोर काय एकट्या आईचं हाय व्हय?" हा त्यांचा सवाल. माझा वर्ग शेजारचा, त्यामुळे एरवी मिशा पिळणारे बाप तिथं मान खाली घालून कसे उभे राहतात, हे मला फुकटात बघायला मिळतं.

तिसरीतली सौम्या मात्र या हट्टाला पुरून उरली. कधी दोघींच्या वेण्या एकमेकींना बांध, कधी वर्गात शेळी आणून सोड. एकदा तर तिनं साऱ्या वर्गाच्या चपला भाताच्या रिकाम्या पातेल्यात घालून वर झाकण ठेवलं. दर वेळी तिचा बाप भरमू उद्यमबागेतल्या फौंड्रीतून रजा मागून धावत यायचा.

चपलांच्या दिवशी तो वैतागला होता. "बाई, कारखान्यात सायेब लई बोलतोय. आता हिला सदलग्याला मामाकडंच ठेवतो."

शेजारी सौम्या उभी होती. तोंड स्वच्छ धुतलेलं, केस पाण्यानं चापून बसवलेले. बोलणी खायला एवढं नटून कोण येतं? मामाचं नाव ऐकलं आणि तिनं बापाचं बोट घट्ट धरलं.

बाईंनी ते पाहिलं. "सौम्या, आप्पा घरात कवा भेटतात गं?"

"झोपल्यावर."

"कोण झोपल्यावर?"

"कवा मी, कवा आप्पा."

खरंच होतं. भरमूची पाळी दुपारची. तो परतेपर्यंत लेक झोपलेली आणि सकाळी ती शाळेला निघताना हा घोरत असायचा. त्याची आठवड्याची सुट्टी, तीही गुरुवारची, म्हणजे हिच्या शाळेच्या दिवशी.

"अगं बाई," राजमती बाई माझ्याकडं बघून हसत सुटल्या, "शिक्षा म्हणून आपण हिला बक्षीसच देत होतो की!"

भरमूला हसू आलं नाही. त्यानं आठ वर्षांच्या त्या घोडीला उचलून कडेवर घेतलं. सदलग्याचं नाव पुन्हा काढलं नाही. मला बरं वाटलं, फार बरं वाटलं.

पुढच्या गुरुवारी शाळा सुटताना तो फाटकाशी उभा होता. त्याला बघून सौम्या घाबरली.

"बाई, आज म्या काय बी केलं न्हाय!"

"ठाव हाय मला."

"मग आप्पा कशाला आलाय?"

भरमूनं तिचं दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवलं.

"काय केलंस म्हणून न्हवं गं," तो म्हणाला, "तुला न्यायला आलोय."