पडद्यापुढचं टेबल

"शिकवणाऱ्यानं आपले हात खिशात ठेवावेत," एवारिस्तो एकदा म्हणाला होता.

तेव्हा मी हसलो होतो. क्युबातल्या कामाग्वेत त्याच्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानाच्या कमानीखालीच माझं लायटरमध्ये गॅस भरायचं टेबल. बारा वर्षं मी ते हात पाहत आलो होतो. संगणक जळका असो की पाण्यात बुडालेला, लोक म्हणत, मास्तरांचा हात लागला की झालं. मग ते हात थरथरू लागले. आधी कॉफी सांडली. नंतर एका बोर्डावर डाखाचा थेंब भलतीकडेच पडला.

त्याच आठवड्यात त्यानं यानेइसीला आणलं. पंधरा वर्षांची, गल्लीच्या टोकाच्या न्हाव्याची मुलगी. दुकानात त्यानं मधोमध पडदा लावला. पुढे तो गिऱ्हाईक घेई, मागे ती काम करी. तो नुसता बोलून शिकवी. ती चुकली की त्याचा हात आपसूक पुढे येई, आणि लगेच मागे घेऊन तो खिशात कोंबी. दोन वर्षं गावातली बंद पडलेली यंत्रं तिनं चालू केली आणि नाव त्याचं राहिलं. हे आम्हा तिघांनाच ठाऊक होतं.

यंदा तिला स्वतःचा धंद्याचा परवाना मिळाला. पण ती पडद्यापुढे बसली की लोक म्हणत, मास्तर आले की येतो. एका दुपारी ती मला म्हणाली, "काका, मी हवानाला मावशीकडे जाते. तिथे लादी पुसायला बाई हवीय."

मी ते एवारिस्तोला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पडदा निघाला होता.

दहाला लाईट आली. दोनपर्यंतच राहणार होती. शाळेतल्या कारकून सोराइदाबाई संगणक पोटाशी धरून आल्या. सगळ्या मुलांचे गुण त्यात अडकले होते, आणि याद्या उद्याच द्यायच्या होत्या. टेबलाशी यानेइसीला पाहून त्या थबकल्या.

"मास्तर, हिच्यावर सोडू नका हं. तुम्हीच बघा."

"गेल्या वर्षी हिनंच दुरुस्त केला होता हा."

"पुरे थट्टा. पोरीला मोठं करायचंय तुम्हाला, कळतं मला. पण माझी नोकरी आहे हो ही."

यानेइसी उठू लागली. एवारिस्तोनं तिला मानेनंच बसायला खुणावलं. मग खिशातून दोन्ही हात काढले आणि संगणकाच्या झाकणावर ठेवले. पत्रा खडखडू लागला. त्यानं ते उचलले नाहीत. सोराइदाबाई आधी हसत होत्या; मग त्यांनी त्या हातांकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"कधीपासून, मास्तर?" त्यांनी हळूच विचारलं.

त्यानं पेचकस उचलला आणि यानेइसीच्या तळहातावर ठेवला. तिनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी संगणक तिच्याकडे सरकवला.

पहिला स्क्रू निघाला तशी एवारिस्तोनं खुंटीवरची टोपी घेतली. माझ्या टेबलाजवळून तो बाहेर पडला. हात खिशात नव्हते.