आबांचा सरवा

जगात हिरे-माणकं खणणारे पुष्कळ असतील. पण मेहरूण तळ्याकाठी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, पायात स्लिपर घालून, दुपारी एक ते तीन एवढ्याच वेळात पाचू खणणारा खाणवाला एकच, आणि तो नेमका माझा चुलतसासरा निघावा, हे माझं नशीब. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. चोपड्याची केळीची शेती वाट्यानं देऊन आमच्या मागच्या गल्लीत राहायला आले, तेव्हा वाटलं, आता देवळात बसतील. बसले ते मोबाइलवरच्या खाणीत. बसताना मलाही शेजारी बसवलं, कारण चार्जर सांभाळणं आणि इंग्रजी निरोप वाचून दाखवणं ही जावयाची कामं. मी थकलो हो. तीस वर्षं नोकरी केली, तेव्हाही एवढा थकलो नव्हतो.

या उद्योगाचं मूळ म्हणजे त्यांची लेक. तिनं पुण्यात आपल्या मनानं लग्न केलं, आबा रुसून लग्नाला गेले नाहीत, आणि दोन वर्षं बापलेकीत अवाक्षर नाही. ती हा खेळ खेळते असं माझ्या बायकोनं सांगितलं मात्र, आबा आठवड्याभरात खेळातल्या तिच्या टोळीत दाखल. तिनं घेतलं, बोलली मात्र नाही. पण जेवणाच्या सुट्टीत तिच्या नावापुढे हिरवा ठिपका उगवला, की आबांचा जीव थाऱ्यावर येई. सरळ फोन करा म्हटलं, तर म्हणत, ‘‘काम सोडीसन फोन करत बसू का मी?’’

आणि काम खरंच चोख. नवखी पोरं दिसेल तिथं कुदळ मारत सुटतात. आबांनी पहिल्याच दिवशी ताडलं, की दोन ओळी सोडून तिसरी खणायची, म्हणजे न खणताच दोन्हीकडच्या भिंती दिसतात. केळीच्या ओळी आखण्यात जन्म गेलेला माणूस! साध्या दगडाला हलकी कुदळ, चांगली कुदळ फक्त पाचूला. पिशवी भरायच्या आत वर यायचं, नाहीतर भरलेलं सांडतं. दुपारची वेळही हिशेबानंच, तेव्हा बाकीचे कामावर असतात आणि खाणीत गर्दी नसते. हे सगळं मला रोज ऐकावं लागे, परीक्षा असल्यासारखं.

घोळ एकच. आबा खडकातल्या प्रत्येक शिरेत शेवटचा एक पाचू सोडून देत. शेतात कापूस वेचून झाला, की राहिलेली बोंडं मागून येणाऱ्या गरिबाची, तो सरवा. तो मालकानं उचलायचा नसतो. ‘‘बठ्ठं वरबाडानं नही,’’ ते म्हणत, ‘‘मांगून येनारासाठे थोडं ठेवानं ऱ्हास.’’ इथं मागून दुसरी टोळी येई आणि हा सरवा गोळा करून गुणांत आबांच्याच टोळीच्या वर चढे. शेवटी टोळीच्या म्होरक्याचा निरोप आला: आज शिरा साफ करा, नाहीतर निघा. मी वाचून दाखवला आणि हात जोडले. आबा, दगड आहे तो, त्याला भूक नाही. लेकीसाठी तरी घ्या.

त्या दुपारी आबा वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या दोन भाकरी खाऊन खुर्चीत बसले. खणत गेले, खणत गेले, आणि शेवटच्या पाचूशी बोट थांबलं. मग म्हणाले, ‘‘हात उठत नही, जावईबापू.’’ पाच मिनिटांत त्यांना काढून टाकलं. पडद्यावरून टोळी गेली, हिरवा ठिपका गेला. आबा चष्मा पुसत बसले. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. मला त्यांचा राग आला होता, तरी चार्जर मी काढून घेतला नाही.

तेवढ्यात त्यांच्याच हातातला फोन वाजला. लेकीचं नाव बघून आबांनी तो निखारा असल्यासारखा माझ्याकडे सरकवला. ‘‘तुम्ही बोला. मले जमत नही.’’

मी स्पीकर लावून हॅलो म्हटलं. भाऊजी, मीपण टोळी सोडली, ती म्हणाली. त्या म्होरक्याला सांगितलं, ते माझे वडील आहेत, आमच्याकडे असंच करतात. मग तिनं विचारलं, ‘‘आबा जेवले का?’’

मी हो म्हणणार, तोच आबांनी माझं मनगट धरलं. भरिताचा वास अजून हाताला होता. हळूच म्हणाले, ‘‘नही म्हना.’’

म्हटलं, नाही जेवले. मग ती जी सुरू झाली! वय काय, गोळ्या कशावर घेणार, उपाशी कोण बसतं असं, माझं कोणी ऐकतच नाही. वीस मिनिटं ती बापाला रागावत होती, आणि आबा डोळे मिटून एकेक शब्द ऐकत होते.