भावाच्या खाली लिहिलेला शब्द

कर्र... टिनाच्या काळ्या पाटीवर खडू ओढला की असा आवाज येतो. आमच्या मारेगावच्या जिनिंग कारखान्यात तो रोज सकाळी यायचा. फाटकावरच्या पाटीवर आमचे कारकून, बाबू, कापसाचा भाव लिहीत. एक दिवस भाव लिहून झाला, तरी आवाज थांबला नाही. मी गाठीवर मार्का काढत होतो, मान वर केली. त्याला आता कितीतरी वर्षं झाली, पण अजून कुठे खडू वाजला की मला एकेक किस्सा आठवतो.

किस्से सरकीसारखे असतात. रुई गाठीत बांधून गावाबाहेर निघून जाते, सरकी मात्र कोपऱ्यात साठत राहते. आमच्या जिनिंगची सरकी जरा इंग्रजी निघाली, एवढंच!

आधी घरची गोष्ट सांगतो. मी चौथी शिकलो. बांधलेल्या गाठींवर ब्रशनं इंग्रजी मार्का रंगवायचा, हे माझं काम. अक्षरं काढता यायची, वाचता यायची नाहीत. माझी मुलगी प्रज्ञा मात्र यवतमाळला कॉलेजात गेली. पहिल्याच सहामाहीत तिला वर्गात उभं करून गावाबद्दल इंग्रजीत बोलायला सांगितलं. ती शेताला गुड म्हणाली, नाल्याला गुड म्हणाली, आईलाही गुड म्हणाली. मागून कोणीतरी म्हणालं, "आता म्हैसही गुड असेल!" सगळा वर्ग हसला.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली आणि तिनं पुस्तकांची पिशवी खुंटीला टांगली. गाठीच्या जाड कापडाची पिशवी, मीच शिवून घेतलेली.

"बाबा, मी नाई जात आता वापस."

"काहून गं?"

"माह्याजवळ शब्दच नाईत."

दुसऱ्या दिवशी ती माझ्यासोबत जिनिंगवर आली आणि बायांच्या रांगेत कवडी वेचायला बसली. कवडी म्हणजे डागी कापूस. त्या वर्षांत बोंडअळीनं पऱ्हाटीची बोंडं पोखरली होती, चांगला कापूस शोधावा लागे आणि कवडीला मात्र तोटा नव्हता. मी बाबूंना एवढंच सांगितलं, "पोरगी शब्दापायी अडली."

दुसऱ्या सकाळी तो जास्तीचा कर्र आवाज आला. भावाच्या खाली एक इंग्रजी शब्द होता.

* * *

बाबूंकडे कव्हर नसलेली एक जुनी डिक्शनरी होती. तिच्यातून ते रोज एक शब्द काढत. नेहमीचा नाही, कानाला गोड आणि कमी वापरातला. त्यांनी नियमही करून टाकला. ज्याची कापसाची बैलबंडी सकाळी फाटकावर पहिली, तो शब्द त्याचा. बंडी आली नाही, तर आमच्यापैकी एकाचा. संध्याकाळपर्यंत तो एकदा वापरायचा, पण खरा वापरायचा. खोटा पडला तर शब्द परत!

"शब्द परत कसा करायचा?" मी विचारलं.

"मोठ्यानं म्हणायचं, हा माझा नाही. आणि पाटी स्वतःच्या हातानं पुसायची."

ऐकायला सोपं वाटतं. पुसताना माणसाचा चेहरा पाहिला म्हणजे कळतं.

* * *

एका सकाळी बापूरावांची बंडी पहिली होती. शांत माणूस, जेमतेम चार एकराचा. त्यांनी पाटी वरून खालपर्यंत पाहिली आणि विचारलं, "बाबू, वरचा भाव साध्या कापसाचा. हा खालचा माल कोणता?"

"गॉसमर," बाबू म्हणाले. "सकाळी झुडपावर कोळ्याचं जाळं तरंगते ना, तितकं तलम."

"मग माहा कापूस त्याच्यातच धरा! पहिल्या वेचणीचा आहे."

आम्ही हसू दाबलं. बाबू हसले नाहीत. त्यांनी चिमूटभर कापूस घेतला, दोन्ही हातांनी तार ओढली, उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

"आहे गॉसमर. पण भाव तोच भेटेल."

"भाव राहू द्या. पावतीवर लिहा!"

आणि बाबूंनी पावतीवर लिहिलं!

त्या उन्हाळ्यात बापूराव गेले. पुढच्या हंगामात त्यांची बायको बंडी घेऊन आली. तिनं पदरातून ती पावती काढली. "हे सांगत होते का आपला माल निराळा आहे. खरंच आहे का जी?"

बाबूंनी पुन्हा तार ओढून पाहिली. कापूस मध्यमच होता, मला लांबूनही दिसत होतं. बाबू म्हणाले, "आहे, वहिनी."

संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी पाटी स्वतःच्या हातानं पुसली.

* * *

रमजानभाई आमचे फिटर. रेचे, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणारी यंत्रं, बंद पडले तर ते, चालू झाले तरी तेच. त्यांच्या वाट्याला शब्द आला 'सेरेन'. म्हणजे निवांत, आत-बाहेर शांत.

त्या दिवशी दुपारी कापूस संपला आणि सगळे रेचे थांबले. रमजानभाई कमरेवर हात ठेवून म्हणाले, "देखो बाबू, मशीन कैसी सेरेन झाली!"

"नाही झाली," बाबू म्हणाले. "हे उपाशी आहे. परत करा."

"अरे, चूप बैठी है ना!"

"उपाशी लेकरूही रडून रडून चूप बसते, रमजानभाई."

रमजानभाईंनी मोठ्यानं म्हटलं, "हा माझा नाही," आणि पाटी पुसली. पुढे पंधरा दिवसांनी कुठून तरी लागोपाठ बंड्या आल्या. दिवसभर रेचे चालले, शेवटची गाठ बांधली, मशीन थांबली. छपराखाली रुईचे कण तरंगत होते. रमजानभाईंनी तेलकट हात पुसले आणि बाबूंकडे नुसतं पाहिलं.

"आता आहे," बाबू म्हणाले.

रमजानभाईंनी मशीनवर हात ठेवला. "मैं भी," ते म्हणाले.

* * *

सुमनबाई कवडी वेचणाऱ्या बायांची मुकादम. जिभेला धार! तिचा शब्द होता 'टेनेशस'.

"एकदा धरलं का सोडत नाही, असं माणूस," बाबूंनी अर्थ सांगितला.

सुमनबाईनं लुगड्याच्या काठाला चिकटलेलं काटेरी बोंड उपटलं आणि बाबूंच्या टेबलावर ठेवलं. "हा घ्या तुमचा टेनेशस! आमच्यात याले गोखरू म्हणते."

"बरोबर," बाबू म्हणाले. "पण वापरायचा अजून बाकी आहे."

"वापरतो ना! पंधरा वर्षं झाली. हा गोखरू माह्या लुगड्याले सोडत नाई आन् मी या जिनिंगले. मालक आले, गेले, भाव चढला, पडला. सांगा कोण टेनेशस?"

बायांच्या रांगेतून हसण्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं. प्रज्ञा हसत होती. घरी आल्यापासून पहिल्यांदा!

मी ब्रश शाईत बुडवला आणि त्या गाठीवर एकच अक्षर दोनदा काढलं. शाई काही पुसता येत नाही, त्या गाठीचं कापड बदलायला अर्धा दिवस गेला.

* * *

मग तीन दिवस खरेदीच बंद राहिली. पाटीवर भाव नाही, फाटकावर बंडी नाही. चौथ्या दिवशी बाबू आले, तर कोऱ्या पाटीवर आधीच एक शब्द लिहिलेला! 'फॅलो.' अक्षर बाबूंचं नव्हतं.

"हे कोणी लिहिलं?"

सुमनबाई म्हणाली, "पाहा ना, ज्याच्या बोटाले पांढरं असंन त्यानं!"

आता जिनिंगमध्ये कोणाच्या बोटाला पांढरं नसतं? सगळ्यांनी हात पुढे केले, सगळ्यांचेच पांढरे! प्रज्ञाचे तेवढे मागे राहिले.

बाबूंनी तिच्याकडे न पाहताच विचारलं, "अर्थ काय म्हणे याचा?"

"पडीत ठेवलेली जमीन," प्रज्ञा हळू म्हणाली. "मेलेली नाई. थांबलेली."

"आणि हा शब्द कोणासाठी वापरायचा?"

ती खाली मान घालून कवडी वेचत राहिली. संध्याकाळी मी पाहिलं, तर पाटी कोणी पुसली नव्हती. म्हणजे शब्द खोटा पडला नव्हता. पण पडीत जमीन नांगरायला कोणी निघालं, असंही दिसत नव्हतं. कॉलेज उघडायला पाच दिवस उरले होते.

* * *

आता शेवटचा.

माझ्या वाट्याचा शब्द मी कधी वापरलाच नव्हता. आला की मी दुसऱ्याला देऊन टाकायचो. जीभ वळायची नाही. कॉलेज उघडण्याच्या आदल्या दिवशी मी सुमनबाईकडे गेलो.

"बाई, तुमचा शब्द पाहिजे होता."

तिनं माझ्याकडे पाहिलं. एरवी तिनं दहा बोलणी ऐकवली असती. "न्या भाऊ," ती म्हणाली. "पोरीले शोभंन."

घरून मी खुंटीवरची पिशवी पुस्तकांसकट आणली होती. बाबूंना म्हटलं, "अक्षरं काढून द्या, मी त्यावरून रंगवतो." त्यांनी कागदावर लिहून दिलं. मी गाठीची काळी शाई घेतली.

"कवडूभाऊ, खडूनं लिहा," बाबू म्हणाले. "उद्या ती गेली नाही, तं शब्द खोटा पडते. खडू पुसता येते. हे शाई कशी परत कराल?"

"नाही करता येत," मी म्हटलं, आणि रंगवायला लागलो. हजारो गाठींवर अक्षरं काढली असतील. त्या दिवशी पहिल्यांदा मला माहीत होतं, मी काय लिहितो आहे.

सकाळी प्रज्ञा नेहमीसारखी माझ्यासोबत फाटकावर आली. आमच्या फाटकातून उजवीकडे कवडीचा ढीग आणि डावीकडे एसटी स्टँडचा रस्ता. यवतमाळची गाडी आठला, बायांचं कामही आठला. मी वजनकाट्यामागून पिशवी काढली आणि तिच्या हातात दिली.

तिनं शब्द वाचला. अक्षरांवरून बोट फिरवलं. शाई पुरती वाळली नव्हती, बोट काळं झालं. रमजानभाई मशीन सोडून दाराशी आले. बाबू हातात खडू घेऊन पाटीपुढे थांबले होते. त्यांनी भावही लिहिला नव्हता.

"चाल वो पोरी!" ढिगावरून सुमनबाई मुद्दाम ओरडली. "आठ वाजले! कवडी वाट पाहून राह्यली तुही!"

प्रज्ञानं पिशवी खांद्याला अडकवली. शब्द आतल्या बाजूला गेला होता. तिनं पिशवी काढली, फिरवली, शब्द बाहेर येईल अशी पुन्हा खांद्यावर घेतली, आणि डावीकडे चालायला लागली.