साहेब सुट्टीवर आले आणि आम्ही इन्स्पेक्शन दिलं

“नो कम्प्लेंट, सर!”

बारा मुली एकदम ओरडल्या. साहेब दचकला. त्याची मडम एक पाऊल मागे सरली. मी छताकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलंच.

लढाई संपल्यानंतरचा उन्हाळा होता. साताऱ्यातल्या मुलींच्या एका बोर्डिंगची मी लेडी सुपरिंटेंडेंट होते. नाव भारदस्त, पण काम म्हणजे मुलींची हजेरी, अभ्यास, आजारपण आणि जळकी भाकरी, सगळं एकटीनं बघायचं. चार दिवस आधी पाचगणीहून इंग्रजीत पत्र आलं होतं. एक गोरा साहेब बायको आणि दोन मुलांना घेऊन विलायतेहून सुट्टीला आला होता. सुट्टीत त्यांना इथल्या शाळा, अनाथालयं, बोर्डिंगं बघायची होती. पत्र मी तीनदा वाचलं. शब्द सगळे कळले, माणूस कळेना. अहो, सुट्टी लागली की आम्ही शाळेच्या रस्त्यानंसुद्धा जात नाही, आणि हा सात समुद्र ओलांडून शाळा बघायला आला?

पत्र घेऊन मी सुभेदारांकडे गेले. सुभेदार म्हणजे आमच्या बोर्डिंगचे चिटणीस. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले, मनानं लोणी, पण आवाज असा की कौलं हलावीत.

“आबा, हे लोक कशाला येतायत?”

“कशाला म्हंजी? इन्स्पेक्शन हाय, बाई.”

“अहो, सुट्टीवर आहेत ते. मुलंबाळं बरोबर आहेत.”

“आवं, साहेब सुट्टीवर आला तरी साहेबच असतोय. पोरं आणली ती आपल्याला गाफील धरायला. लय बघितल्याती असली इन्स्पेक्शनं!”

मला हसू आलं, पण नुसतं हसून भागणार नव्हतं. कारण लपवण्यासारखं आमच्याकडे होतं. मुलींच्या निजायच्या खोलीचे वासे कुजले होते. मागच्या पावसाळ्यात मुली घमेली उशाशी घेऊन निजल्या. शिक्षणखात्याच्या साहेबांनी शेरेबुकात, म्हणजे तपासणीला येणारा आपलं मत लिहून जातो त्या वहीत, स्पष्ट लिहिलं होतं: पावसाळ्याआधी छप्पर दुरुस्त करा, नाहीतर खोली बंद. खोली बंद म्हणजे मुली घरी. आणि घरी म्हणजे काय, ते पारूला विचारावं. तिचा बाप लढाईत गेलेला. चुलत्यानं स्थळ ठरवून ठेवलं होतं. पोरगी पावसाळ्यात घरी आली की बार उडवायचा, एवढीच वाट तो बघत होता. पारूला फायनल व्हायला एक वर्ष उरलं होतं. ती परीक्षा झाली की मास्तरीण होता येई.

सुभेदारांनी चार दिवसांत पलटणच उभी केली. अंगणातल्या दगडांना चुना. बादल्यांना रांग. कापड तेव्हा कंट्रोलवर, वीतभरसुद्धा मिळेना. तर या गड्यानं मंडपवाल्याकडून लग्नाचं पांढरं कापड मागून आणलं आणि खोलीच्या छताखाली ताणून बसवलं. कुजका वासा एकही दिसेना. शेजारच्या घरांतून सतरंज्या आणल्या. मुलींकडून ‘नो कम्प्लेंट, सर’ एवढं एकच इंग्रजी वाक्य घोकून घेतलं. पलटणीत साहेब तक्रार विचारतो तेव्हा शहाणा शिपाई तेवढंच म्हणतो म्हणे.

तर आल्या आल्या साहेबानं ते ऐकलं आणि बायकोकडे बघून काहीतरी पुटपुटला. मग सुभेदारांना विचारलं, “तुम्हाला काही कमी आहे का?”

“नो सर! नथिंग सर!” टाच आपटून उत्तर.

आता हे कसलं इन्स्पेक्शन, मला काही कळेना. साहेब वह्या तपासत नव्हता. त्याची धाकटी मुलगी बूट काढून पारूबरोबर फुगडी घालत होती. मडम चुलीपाशी उकिडवी बसून भाकरी थापायला शिकत होती. मध्येच ती उठली, मला बाजूला मुलींच्या खोलीत नेलं आणि हळूच विचारलं, “पावसाळ्यात मुली कुठं झोपतात?”

पारू फुगडी थांबवून दारात उभी होती. तिनं वर कापडाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“इथंच, मॅडम,” मी म्हटलं. “छान झोपतात.”

साहेबानं शेरेबुकात सुंदर अक्षरात शेरा लिहिला, मुलींना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या आणि मोटार सांगलीकडे गेली. “पास झालो, बाई!” म्हणून सुभेदारांनी पेढे वाटले.

पंधरा दिवसांनी सांगलीहून पत्र आलं. तिथल्या मुलींच्या बोर्डिंगवर माझी ट्रेनिंग कॉलेजातली मैत्रीण होती. जैन शेतकऱ्याची लेक, तोंडानं फटकळ. तिनं लिहिलं होतं: “अगं, तुझ्याकडचे ते पाहुणे इकडे आले. काय कमी आहे विचारलं. मी हात धरून मडमेला मोडक्या खोलीत नेलं आणि वर बोट दाखवलं. त्यांच्या गावची मंडळी दरसाल एका शाळेला मदत करतात. सुट्टीत हिंडून शाळा निवडायचं काम यांच्याकडे. आमचं छप्पर व्हायला लागलंय! साताऱ्याला काही नको म्हणाले. खरं का गं?”

पत्र सुभेदारांना वाचून दाखवलं. त्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं.

“मदत द्याया आलता, तर तसं सांगायचं न्हाई व्हय त्यानं?”

“विचारलं होतं, आबा. दोघांनाही विचारलं होतं.”

मला स्वतःचा असा राग आला की त्या दिवशी जेवण गेलं नाही. मैत्रिणीला उलट टपालानं सगळं खरं लिहिलं. तिचं उत्तर दोन ओळींचं: “एका मुलीची जागा होईल. कुणाला धाडतेस?”

सुभेदार स्वतः पारूच्या आईकडे गेले, अर्जावर तिचा अंगठा घेतला आणि मिरजेच्या गाडीनं पोरीला सांगलीला पोचवून आले. जूनमध्ये चुलता बैलगाडी घेऊन दारात हजर. सुभेदार उंबऱ्यात आडवे उभे.

“पोरगी न्हाई हितं. पोस्टिंग झालंय तिचं.”

पारू सांगलीच्या नव्या छपराखाली राहून फायनल पास झाली. आमची खोली बंद झाली. बाकीच्या अकरा मुली घरी गेल्या. दिवाळीनंतर वासे बदलले तेव्हा सात परत आल्या. चौघींच्या गळ्यात तोवर मंगळसूत्र पडलं होतं.

पुढं मी नोकरीत होते तोवर पाहुणा कोणीही येवो, सुट्टीवरचा की कामावरचा, त्याला आधी मोडकं ते दाखवलं. साहेबाचा शेरा त्या शेरेबुकात अजून आहे: “या मुलींना इथे कशाचीही उणीव नाही.” खाली सही त्याची आहे. वाक्य माझं होतं.