चिमट्यावरचा ओरखडा

धुळ्याच्या एका अक्कांनी माझी बाजू घेतली, हे आधी लिहून ठेवतो. बाकी जे घडलं ते आठवलं की अजून डोकं तापतं, आणि तापल्या डोक्याने माणूस उपकार विसरतो.

मी चंद्रपूरकडचा. आठवीत शाळा सुटली आणि फिरत फिरत जळगावला सायकलींच्या दुकानात लागलो. शेठ वापरलेल्या कार्बन फायबरच्या सायकली आणून विकायचे. त्यातली एक अक्कांच्या नातीने घेतली. दुसऱ्या दिवशी तिची शर्यत होती, लळिंगचा घाट उतरून जाणारी. सायकल पोचवून जोडून द्यायला शेठनी मला छोटा हत्ती टेम्पोतून पाठवलं. पारोळ्याच्या पुढे गाडी खड्ड्यात आदळली आणि मागचं लोखंडी स्टँड सायकलवर पडलं.

अक्कांच्या अंगणात चादर सोडली तेव्हा दिसलं. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या डाव्या पायावर नखाएवढा पांढरट ओरखडा. लोखंड असतं तर पुसून मोकळा झालो असतो. लोखंड मार लागला की वाकतं, डोळ्याला दिसतं. कार्बन वरून गुळगुळीत राहतो, आतले पदर सुटलेले असू शकतात, आणि मग एक दिवस न सांगता तुटतो.

अक्का दारात उशीत भरायचा कापूस मोकळा करत बसल्या होत्या. त्यांच्याकडून चिमूटभर घेतला आणि ओरखड्यावरून फिरवला. आतला धागा तुटून वर आला असेल तर कापूस अडकतो. पहिल्यांदा अडकला. दुसऱ्यांदा नाही. नाण्याने वाजवून पाहिलं. उजवा पाय टणक वाजला, डावा जरा बद्द. की भीतीने मलाच तसं ऐकू आलं?

शेठना फोन लावला, स्पीकरवर.

"रंग उडालाय. टचअप मार आणि ये."

"शेठ, रंगच उडालाय की आतही तडा गेलाय, कळत नाही."

"आठवीतून पळालेला तू, इंजिनियर कधी झाला रे? लोकांनी जन्मभर सायकली आपटल्या. कोण मेलं?"

नात म्हणाली, "दादा, तुटेलच अशी खात्री आहे का तुम्हाला?"

"नाही."

"मग?"

त्या 'मग'चा मला भयंकर राग आला. तुटेल याची खात्री मी द्यायची. तुटणार नाही याची खात्री मात्र कुणी कुणाला मागत नव्हतं. उतारावर चिमटा तुटला तर माणूस तोंडावर आपटतो, मान जाते. आणि जोडणारे हात माझे. ओरडावंसं वाटत होतं. पण परमुलखात नोकरी गेली तर जायचं कुठे?

अक्कांनी कापूस बाजूला सारला. "तुले काय वाटस, भाऊ?"

"समजत नाही, अक्का."

"मंग समजत नही असंच सांग ना. घाबरस कसाले?" आणि माझ्या हातातून फोन घेऊन म्हणाल्या, "शेठ, या पोऱ्याले समजत नही. तुमले समजस ना? मंग या आठे, बसा सायकलवर, उतरा लळिंगना घाट. मी चहा ठेवस."

शेठचा आवाज एकदम खाली आला. मग, "अक्का, माझं म्हणणं तसं नव्हतं..." आणि फोन कट.

नातीने आत जाऊन दार आपटलं. शर्यत तिच्याविना झाली.

सायकल मी परत नेली. शेठनी ओरखड्यावर काळा रंग मारला आणि ती काचेमागे उभी केली. गिऱ्हाइकाला सांगायचे, "एक डाग दाखवा." मी पुन्हा विषय काढला तर हसले. "काय रे, अक्काला फोन लावू?"

ते जेवायला घरी गेले तेव्हा मी करवत घेतली आणि चिमट्याचे दोन्ही पाय कापून टाकले. आत काय होतं ते तेव्हाही कळलं नाही, कारण करवतीनेच धागे पिंजले. धडधाकट असेलही. असू दे. कुणाची तरी पोर त्यावर बसणार होती.

नोकरी गेलीच. अक्कांनी त्यांच्या ओट्यावर जागा दिली. शाळेच्या पोरांच्या सायकली तिथे दुरुस्त करतो. नात अजून माझ्याशी धड बोलत नाही. तिचं मी समजू शकतो. शेठना मात्र माफ करणं मला जमत नाही, आणि जमवायचंही नाही.

अक्का, या ओट्यावरच्या कमाईतून एक दिवस तुमच्या नातीला नवी कोरी सायकल आणून देईन. माझ्या हाताने जोडून, आधी मी स्वतः घाट उतरून येईन आणि मग तिच्या हाती देईन.