ताजबीची टोपली

१९८२ साली उरवड्याच्या कारखान्यात ताजबी कागदाच्या हलक्या नळ्या वळायची. वळलेली नळी टेबलावरच्या उतरत्या फळीवरून घरंगळत खाली पडायची, पण समोरच्या टोपलीत जायचं सोडून मागं वळून टेबलाखाली घुसायची. "मेल्यांनो, म्होरं टोपली दिसत न्हाई व्हय?" असं खेकसत ताजबी दिवसातून शंभरदा वाकायची. शेवटी वैतागून तिनं टोपलीच टेबलाखाली सारली. नळ्या निमूट टोपलीत पडू लागल्या.

नवे इंजिनिअर लिमयेसाहेब आले आणि टोपली बघून हसले. "ताजबी, घरंगळलेली वस्तू पुढेच पडते," म्हणत त्यांनी टोपली पुढं ओढली आणि एक नळी सोडली. नळी गिरकी घेत टेबलाखाली गेली.

साहेब नळीमागं गुडघ्यांवर रांगले, अन् तिथूनच त्यांनी टाळी वाजवली. "कळलं! पडताना नळीला खालून वारा लागतो. फिरत्या नळीची मागची बाजू वाऱ्याबरोबर वर जाते, पुढची वाऱ्याविरुद्ध खाली येते. म्हणून पुढं हवा अडते, दाब वाढतो आणि नळी मागं ढकलली जाते."

"म्हंजी दोन वर्सं नळ्यांना घातलेल्या शिव्या हवेला घालायच्या व्हत्या!"

साहेबांनी आणखी एक नळी सोडली. मग आणखी एक. जेवणाची घंटा झाली तरी थांबेनात. एक नळी जमिनीवर पडली तर कारखाना डोक्यावर घेणारी ताजबी कमरेला पदर खोचून पुढं आली.

"सरका सायेब," ती म्हणाली, "आता माझी पाळी."